‘पूर्ण काढा आणि मोकळ्या व्हा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या माहेरच्या ग्रुपवर वहिनीने एक मेसेज ढकलला. मी तो याआधी निदान चार ग्रुपवर पाहिला असेल. ‘बायकांनो, सावध! स्तनात कॅन्सरची गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले की स्तन वाचवू, तर भुलू नका. पूर्ण काढला तरच जीव वाचतो. अर्धवट काढला की कॅन्सर परत येतोच. पूर्ण काढला की रेडिएशन नाही, केमो नाही. जमलं तर दुसराही काढून घ्या. आणि एक दिवसही थांबू नका!’

तीन वर्षांपूर्वी माझी गाठ काढली, स्तन राहिला. म्हणजे या मेसेजच्या हिशेबाने मी भुललेली बाई. तेव्हा उत्तर द्यायचा हक्क माझाही आहेच.

‘पूर्ण काढला तरच जीव वाचतो.’ हे म्हणणं वेडगळ नाही, हे आधी कबूल करते. एकेकाळी मोठमोठे सर्जन हेच मानत. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या विल्यम हाल्स्टेडने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या ऑपरेशनमध्ये स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी (तिथे सगळ्यांनाच असतात त्या छोट्या गाठी) असं सगळं एकदम निघायचं. त्यामागची समजूत अशी की कॅन्सर ओल चढावी तसा कडेकडेने सरकतो, म्हणून जितकं लांबून कापाल तितकं बरं. पुढे तिथल्याच पिट्सबर्गच्या सर्जन बर्नार्ड फिशरना हे पटेना. त्यांचं म्हणणं, पेशी निसटायच्याच असतील तर त्या ऑपरेशनच्या आधीच रक्तातून निसटलेल्या असतात. बाई दगावते ती हाडांत, यकृतात, फुप्फुसांत जाऊन बसलेल्या पेशींमुळे. स्तनातल्या गाठीने नव्हे. मग स्तन जास्त कापून त्या पेशी कशा हाती लागणार?

वाद तोंडाने मिटला नाही, तो तपासून मिटवला गेला. इटलीत मिलानला उम्बेर्तो वेरोनेसींनी १९७३पासून लहान गाठी असलेल्या ७०१ बायकांची चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी केली: निम्म्यांचा स्तन पूर्ण काढला, निम्म्यांचा गाठीभोवतालचा भाग काढून रेडिएशन दिलं. फिशरनी १९७६पासून १८५१ बायकांचा असाच अभ्यास केला. दोघांचेही वीस वर्षांचे निष्कर्ष २००२मध्ये आले. स्तन राखलेल्या आणि काढलेल्या बायका सारख्याच प्रमाणात जगल्या. ‘त्या अभ्यासात बनावट नोंदी होत्या’ असंही कुणीतरी ग्रुपवर लिहिलंच. होत्या, माँट्रियलच्या एका केंद्रातल्या. तो घोटाळा १९९४मध्ये गाजला. ते केंद्र वगळून सगळी मोजणी पुन्हा केली, तरी उत्तर तेच आलं.

‘अर्धवट काढला की परत येतोच.’ यातला ‘च’ खोटा आहे, बाकीच्यात थोडं तथ्य आहे आणि ते लपवू नये. मिलानच्या अभ्यासात वीस वर्षांत त्याच जागी पुन्हा कॅन्सर निघाला तो स्तन राखलेल्यांपैकी ८.८ टक्के जणींना, काढलेल्यांत २.३ टक्के. फरक आहे. पण स्तनात परत निघालेली गाठ सापडते, काढता येते, आणि म्हणूनच मृत्यूंच्या आकड्यात तो फरक उतरला नाही. खरी अट रेडिएशनची आहे. फिशरच्या अभ्यासात गाठ काढून रेडिएशन न दिलेल्यांपैकी ३९.२ टक्के जणींच्या त्याच स्तनात कॅन्सर परतला, दिलेल्यांत १४.३ टक्के. शिवाय काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ हव्यात, म्हणजे तिथे कॅन्सरच्या पेशी नकोत. त्या तशा नसतील तर पुन्हा टेबलावर जावं लागतं. ‘अर्धवट’ हा शब्दच मला खटकतो. गाठ पूर्ण निघते, राहतो तो निरोगी भाग.

‘पूर्ण काढला की रेडिएशन नाही, केमो नाही.’ सगळ्या मेसेजमधलं हे सर्वांत घातक वाक्य आहे, कारण याच्या भरवशावर बायका सही करतात. केमो द्यायची की नाही हे गाठीचा स्वभाव ठरवतो: हार्मोनला प्रतिसाद देणारी आहे का, हर-टू पॉझिटिव्ह (म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेली) आहे का, काखेत किती पोचली आहे. स्तन ठेवला की काढला याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि गाठ पाच सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेतल्या चार वा अधिक लसिकाग्रंथींत कॅन्सर असेल, तर स्तन काढल्यावरही रेडिएशन लागतं. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या काकूंना हे ऑपरेशननंतर कळलं. त्यांनी नुसतं एवढंच विचारलं, ‘मग काढला कशाला?’

‘दुसराही काढून घ्या.’ इथे हमखास अँजेलिना जोलीचं नाव येतं. तिला कॅन्सर झालेलाच नव्हता. कॅन्सरचा धोका खूप वाढवणारा बीआरसीए-१ या जनुकातला दोष होता, म्हणून तिने २०१३मध्ये दोन्ही स्तन काढल्याचं जाहीर केलं. घरात आई, मावशी, बहीण अशी रांग असेल तर जनुकांची तपासणी जरूर करावी. तसा दोष नसेल तर निरोगी स्तन काढून आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही.

‘एक दिवसही थांबू नका.’ गाठ आठवड्यात उगवलेली नसते. सगळे रिपोर्ट हाती येऊन दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात पंधरा दिवस गेले तर काही बिघडत नाही. जडीबुटीत सहा महिने घालवले तर बिघडतं. शिवाय आपल्याकडे गाठी मोठ्या होऊन येतात, तेव्हा आधी केमो देऊन गाठ लहान करतात आणि मग कधी कधी स्तन वाचतो.

आता उलट बाजू. एकाच स्तनात वेगवेगळ्या ठिकाणी गाठी, आधी त्याच जागी रेडिएशन झालेलं, लाल सुजलेला दाहक कॅन्सर, स्तनाच्या मानाने फार मोठी गाठ: अशा वेळी डॉक्टर पूर्ण काढा म्हणतात ते बहुतेकदा बरोबर असतं. आणि सगळं शक्य असूनही एखादीला ‘मला ती धास्तीच नको’ वाटलं, तर तोही तिचा निर्णय आहे, भित्रेपणा नव्हे. माझी तक्रार आहे ती तिला न विचारता घरच्यांनी बाहेरच्या बाकावर ठरवण्याची. ‘आता या वयात काय करायचंय ठेवून?’ हे वाक्य मी एका दिराच्या तोंडून ऐकलंय. बाई पंचेचाळीस वर्षांची होती.

लांब राहणाऱ्यांची रेडिएशनची अडचण मात्र खरी आहे. पूर्वी पाच-सहा आठवडे रोज जावं लागे. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनंतर आता अनेक ठिकाणी तीन आठवड्यांत पंधरा वेळा देतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. कार्ड आणि कागदपत्रं घेऊन आधीच रुग्णालयात चौकशी करावी.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले. वहिनी गप्प. रात्री साडेदहाला तिचा फोन आला. धाराशिवला तिच्या धाकट्या बहिणीची गाठ निघाली होती. मेसेज तिने त्यासाठीच टाकला होता. मला ठाऊक नव्हतं. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात दाखवायचं चाललं होतं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘ताई, ते पंधरा म्हणजे शनिवार-रविवार धरून की सोडून?’

‘सोडून,’ मी म्हटलं. ‘आणि तिलाच फोन दे.’