अलास्काची पाटी कोरी नव्हती

अमेरिकन मिशनरी रेव्हरंड शेल्डन जॅक्सन १८७७ मध्ये अलास्कात पोचले, तेव्हा म्हणे तिथल्या मूळ रहिवाशांना अक्षरओळखही नव्हती. पहिली शाळा त्यांनी काढली, इंग्रजी शिकवून मुलांचं भलं केलं आणि रेनडिअर (थंड प्रदेशातली पाळीव हरणं) आणून उपाशी लोकांना जगवलं, असं सर्रास सांगितलं जातं. जॅक्सन यांचे कष्ट मला मान्य आहेत. जेमतेम पाच फुटांच्या या माणसाने अमेरिकेच्या पश्चिमेत शंभरावर चर्च उभारली. पण त्यांच्याबद्दल सांगितली जाणारी ही गोष्ट खरी नाही.

अक्षरओळखीचंच बघा. अलास्का आधी रशियाच्या ताब्यात होता. १८२४ मध्ये इव्हान वेनियामिनोव्ह हे रशियन पाद्री बायकामुलांसह युनालास्का बेटावर उतरले. सुतारकाम येत असल्याने चर्चच्या बांधकामात त्यांनी स्वतः हात घातला, शाळा काढली. तिथल्या मूळ रहिवासी अल्यूत लोकांची बोली ते शिकले आणि इव्हान पानकोव्ह या अल्यूत मुखियाच्या मदतीने तिला रशियन लिपीवरून वर्णमाला दिली. बायबलमधलं मॅथ्यूचं शुभवर्तमान १८४० मध्ये अल्यूत भाषेत छापून आलं, तेव्हा जॅक्सन सहा वर्षांचे होते! पानकोव्ह यांचं नाव मात्र कुणी घेत नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

अलास्कातल्या रँगल गावातही तेच. तिथे क्लाह नावाचा त्सिम्शियन या मूळ रहिवासी जमातीचा तरुण लाकूडतोडीच्या कामाला आला होता. त्याने प्रार्थना सुरू केल्या, लोकांना शिकवायला घेतलं. जॅक्सन आणि शिक्षिका अमँडा मॅकफार्लंड १८७७ मध्ये आले, ते या चालू कामात. त्याच डिसेंबरात क्लाह वारला आणि श्रेय जॅक्सनना गेलं. अलास्कातल्याच सिट्का गावची शाळाही जॉन ब्रॅडी आणि फॅनी केलॉग यांनी सुरू केलेली. जॅक्सन यांचं नाव तिला पुढे लागलं.

रेनडिअर त्यांनीच सैबेरियातून आणवले, हे खरं. पण कळपांची मालकी बराच काळ मूळ रहिवाशांच्या हाती पुरती आली नाही. त्यासाठी १९३७ चा कायदा लागला.

राहिलं मुलांचं भलं. १८८५ पासून जॅक्सन अलास्काच्या शिक्षणाचे सरकारी प्रमुख होते आणि त्यांचा आग्रह फक्त इंग्रजीचा होता. अल्यूत, त्लिंगित या तिथल्या मूळ भाषा वर्गाबाहेर गेल्या. मराठी शाळा बंद पडताना ज्यांचा जीव तुटतो, त्यांनी तरी याला भलं म्हणू नये. ज्या भाषेत पुस्तक छापलं गेलं होतं, तिच्याच लेकरांना शाळेत ती बोलायची चोरी झाली.