मिशेल पेन मेलबर्न कपमध्ये उतरलेली पहिली महिला नव्हे

‘मेलबर्न कपमध्ये घोडा पळवणारी पहिली महिला, पहिल्याच प्रयत्नात विजेती’ असा ऑस्ट्रेलियातल्या या घोड्यांच्या शर्यतीबद्दलचा, मिशेल पेनच्या फोटोसह, एक मेसेज गटागटांतून फिरतोय. त्यातला विजय खरा आहे, बाकीचं चुकीचं.

ही शर्यत जिंकणारी पहिली महिला जॉकी, म्हणजे घोडेस्वार, मिशेलच. ३ नोव्हेंबर २०१५ला मेलबर्नच्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सवरच्या ३२०० मीटर शर्यतीत ‘प्रिन्स ऑफ पेन्झन्स’वर ती जिंकली, तेव्हा घोड्याचा पैजेतला भाव एकास शंभर होता, म्हणजे तो जिंकेल असं फार कुणाला वाटत नव्हतं. पण या शर्यतीत उतरणारी पहिली महिला न्यूझीलंडची मरी लिंडन, १९८७ साली. आणि मिशेल स्वतः २००९मध्ये ‘अलेझ वंडर’वर मेलबर्न कप धावली होती. शर्यतींच्या निकालांत जॉकींची नावं असतात, कुणीही पडताळून पाहू शकतं.

ती ‘नशिबानं जिंकली’ असं कुणी म्हटलं तर ते मला अजिबात पटत नाही. त्या घोड्याच्या बहुतेक शर्यतींत तीच स्वार होती. २००४मध्ये घोड्यावरून पडून तिच्या कवटीला फ्रॅक्चर झालं, तरी ती परत आली. दहा भावंडांत ती धाकटी. सहा महिन्यांची असताना आई अपघातात गेली.

मेसेजमध्ये तिचा भाऊ स्टीवी नुसता प्रेक्षक दाखवलाय. डाउन सिंड्रोम असलेला स्टीवी याच घोड्याची देखभाल करायचा, आणि सुरुवातीच्या गेटची सोडतही त्यानंच काढली: गेट क्रमांक १.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात मरी लिंडनचं नाव जरूर लिहा.