‘सहा तासांचे पैसे, चार तासांची सफर’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. पुण्याहून एवढ्या लांब गोव्याला येऊन आमच्या बोटीच्या सफरीत तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. बांगडा गार लागला असेल तर त्याचीही. एक तारा दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण खाली जे लिहिलंय, की ‘दुसरं गिऱ्हाईक घ्यायचं होतं म्हणून यांनी आम्हाला ग्रांदे बेटावरून घाईघाईने परत आणलं’, ते वाचून रात्री जेवण गेलं नाही. कंजूष म्हणा, बोट जुनी म्हणा, चालेल. लबाड म्हणू नका.

आता वेळेचं सांगतो. थोडं लांबेल, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बुकिंगच्या मेसेजमध्ये सकाळी ७ ते दुपारी १ असं लिहिलं होतं. कोको बीचचं लोकेशनही आदल्या रात्री पाठवलं होतं, त्यावर तुमचा अंगठा आहे. तुमची गाडी आधी शिकेरीला गेली, मग नाष्टा झाला, आणि तुम्ही किनाऱ्यावर आलात तेव्हा पावणेनऊ झाले होते. आम्ही सव्वासहापासून इंजिन तपासून, बर्फ भरून उभे होतो. नऊला बोट सुटली आणि एक वाजून दहा मिनिटांनी परत टेकली. म्हणजे ठरलेल्या एक वाजण्याच्या वर दहा मिनिटं जास्तच झाली. तुम्ही म्हणता, तीनपर्यंत थांबायला काय हरकत होती? तीच तर हरकत होती.

त्या शनिवारी पौर्णिमा जवळ आली होती. उधाणाचे दिवस. सकाळी साडेनऊच्या सुमारास भरती पूर्ण, आणि त्यानंतर चारपर्यंत ओहोटी. मांडवी नदीचं सगळं पाणी आग्वादच्या बारवरून, म्हणजे नदीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूच्या पट्ट्यावरून, बाहेर ओढलं जात असतं. त्यात फेब्रुवारी. सकाळी समुद्र तेलासारखा असतो, पण अकरा-बारानंतर वायव्येचा खारा वारा उठतो आणि दोन-तीनला भरात येतो. नदीचं पाणी बाहेर येतंय आणि वारा आत घुसतोय, अशी दोघांची टक्कर बारवर झाली की लाट उभी राहते. उंच असते असं नाही, पण उभी आणि जवळजवळ. बाहेरून पाहिलं तर काहीच वाटत नाही. पुढे बसलेल्याला कळतं. शिवाय ग्रांदेहून परतताना मुरगावचं टोक ओलांडून जुवारी नदीचं तोंड कापावं लागतं, तेव्हा वारा डावीकडून तोंडावरच असतो. जाताना तुम्हाला जे तासाभराचं गार गार वाटलं, तेच येताना दीड तासाचं आदळणं झालं असतं. आणि बोटीत तुमची आई होती, दोन लहान मुलं होती.

बेटावर आमचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणाला, ‘उदक देंवता, वेगीन चलात.’ पाणी उतरतंय, लवकर चला. तुम्हाला ती घाई वाटली. तो पोरवयापासून या तोंडातून ये-जा करतो, आधी मासेमारीला आणि आता तुमच्यासारख्या पाहुण्यांना घेऊन. पावसाळ्यात हाच बार गाळाने आणि लाटांनी इतका वाईट होतो की खनिजाच्या बार्जसुद्धा तिथून जायच्या नाहीत. मुरगाव गाठायला कुंभारजुव्याच्या कालव्यातून वळसा घ्यायच्या. फेब्रुवारीत तसं नसतं, कबूल. पण ज्याने ते पाहिलंय तो घड्याळाकडे बघत नाही, पाण्याकडे बघतो.

राहिलं ते ‘दुसरं गिऱ्हाईक’. तुम्ही उतरलात तेव्हा किनाऱ्यावर लाल जॅकेटं घालून दहा-बारा माणसं उभी होती, ती तुम्ही पाहिलीत. ती शेजारच्या बोटीची होती, डॉल्फिन बघायला निघालेली. आमची जॅकेटं नारिंगी आहेत, साहेब. तुमच्याच रिव्ह्यूतल्या तिसऱ्या फोटोत दिसतात. त्या दिवशी आमची एकच दुसरी बुकिंग होती, संध्याकाळी पाचची. तीही नदीतली, माझ्या भावाच्या बोटीवर. तुमची बोट एक वाजल्यापासून दुसऱ्या दिवसापर्यंत नांगरावर होती. वही आहे, फोटो काढून पाठवतो. पेट्रोलवाल्याला विचारा, बाजूच्या शॅकवाल्याला विचारा. एवढं कुणी विचारणार नाही, हे मलाही कळतं. पण लिहिलेलं हजार लोक वाचतात, आणि मे संपला की जून ते सप्टेंबर बोट किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीखाली ठेवायची असते. त्या चार महिन्यांचं पोट या आठ महिन्यांवर चालतं.

आणखी एक. पावणेनऊला तुम्ही आलात तेव्हाच मी म्हणालो होतो की आता ग्रांदे नको, मांडवीत जाऊ. चोडणच्या बाजूला खारफुटीत पक्षी दिसतील, दिवाडीला वळसा घालू, पाणी शांत, मुलांना बरं, वेळेची ओढाताण नाही. तुम्ही म्हणालात, ‘नदी आमच्याकडेही आहे.’ मुळा-मुठेबद्दल मी काही बोलत नाही.

तांडेल उद्धट वागला, असं लिहिलंय. तो ओरडला, हे खरं. तुमचे मित्र लाइफ जॅकेट काढून, एका हातात बियरचा कॅन घेऊन नाळीवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, फोटोला उभे राहिले होते, आणि नेमकी तेव्हाच मुरगाव बंदरातून निघालेल्या टगची लाट येत होती. ‘जॅकेटमध्ये पोट दिसतं’ असं ते म्हणाले. दोनदा नीट सांगून झालं होतं, तिसऱ्यांदा तो ओरडला. २०२४ च्या नाताळच्या दिवशी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटली आणि एकाचा जीव गेला, ते इथे कुणी विसरलेलं नाही. पाण्यात पडलेल्या माणसाला ‘कृपया’ म्हणत नाहीत. तोच तांडेल तुमच्या आईंना मळमळायला लागलं तेव्हा त्यांना मागच्या बाजूला, जिथे बोट कमी हलते तिथे, बसवून आला. लिंबू कापून दिलं आणि ‘आई, क्षितिजाकडे बघा, मोबाइलकडे नको’ म्हणत राहिला. हे रिव्ह्यूत नाही. असो. उतरताना आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याला तेवढं पुरलं.

बाकीच्या तक्रारींचं थोडक्यात. बेटाजवळ पाणी गढूळ होतं. ते तसंच असतं, हे अंदमान नव्हे. मांडवी आणि जुवारी दोन्ही इथेच समुद्राला मिळतात, आणि ओहोटीला आणखी गाळ येतो. डॉल्फिन दिसले नाहीत, तर आग्वादच्या टोकाखाली ते बहुतेक वेळा दिसतात, पण ते आमच्याकडे कामाला नाहीत. इसवण (सुरमई) का नाही दिला, बांगडाच का? माणशी २५०० रुपयांत, इंधन धरून, इसवण बसत नाही. बाजारात एकदा भाव विचारून या.

‘बेटं’ म्हणून जाहिरात आणि दाखवलं एकच, अंजदीवला का नेलं नाही, असंही विचारलंय. अंजदीव कारवारला लागून, पार दक्षिणेला आहे आणि नौदलाच्या ताब्यात आहे. तिथे मी काय, कुणीच सहलीला नेऊ शकत नाही. बटरफ्लाय बीच पाळोळ्याकडे आहे आणि ते बेटही नाही. आमच्या सफरीत ग्रांदे आणि वेळ असेल तर शेजारच्या बॅट आयलंडला फेरी, एवढंच असतं. ‘वेळ असेल तर’ हे शब्द जाहिरातीत आहेत, पण बारीक अक्षरात आहेत, असं माझी मुलगी म्हणते. अक्षरं ती मोठी करून देईल.

मेसेजमध्ये आता भरती-ओहोटीची वेळसुद्धा टाकायचा विचार आहे. उशीर झाला तर काय करायचं, याचाही काहीतरी नियम करतो. आणि तांडेलाशी बोललो आहे. तो ‘बरं’ म्हणाला.

पैसे परत मागितलेत. पूर्ण परत करणं जमणार नाही, इंजिनांनी पेट्रोल प्यायलेलं आहे. पण पुन्हा आलात तर नदीतली सकाळ माझ्याकडून, त्याचे पैसे घेणार नाही. मेच्या मध्यापर्यंत या, अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा, तेव्हा भांगाची भरती असते, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी एवढं ओढत नाही. आईंना घेऊन या. सातला म्हणजे सातला या. आणि त्या लाल जॅकेटांचा फोटो पुन्हा एकदा बघा. पटलं, तर ‘दुसरं गिऱ्हाईक’ हे दोन शब्द तेवढे काढा. तारा एकच राहू दे.