यताईवर गाईड कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जपानमधल्या फुकुओका शहरात रस्त्याकडेला लागणाऱ्या खाण्याच्या गाड्यांना यताई म्हणतात. त्यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की, रस्त्यावर खायला गाईड नेणं ही उधळपट्टी आहे, आता सगळीकडे इंग्रजी मेन्यू असतो आणि गाईड शेवटी कमिशन देणाऱ्या गाडीवरच नेतात. सविस्तर लिहितो, कारण इथे वाचून काही जण खरोखर जपानची तिकिटं काढतात.

आधी मेन्यू. तेन्जिन आणि नाकासू या भागांतल्या बऱ्याच यताईंवर इंग्रजी पाट्या आहेत, मान्य. पण पाटीवर पदार्थाचं नाव असतं, तो कशात शिजलाय ते नसतं. ओदेनमधला, म्हणजे पाण्यात मंद शिजवलेल्या पदार्थांतला, मुळा बघून आपला शाकाहारी माणूस निर्धास्त होतो. तो मुळा सुकवलेल्या बोनितो माशाच्या पाण्यात मुरलेला असतो. गरम टोफूवर त्याच माशाच्या पापुद्र्यांसारख्या चकत्या. याकीरामेन नुसते तव्यावर परतलेले नूडल्स वाटतात, पण परतताना त्यांत डुकराच्या हाडांचं तोन्कोत्सु सूप घालतात. माझ्यासोबत पत्नी होती, ती मासे-मटण खात नाही. आमच्या गाईडबाईंनी प्रत्येक ठिकाणी बसण्याआधीच मालकाला हे सांगितलं. दोन मालकांनी सरळ सांगितलं, त्यांना देण्यासारखं आमच्याकडे काही नाही. हे उत्तर बसून, ऑर्डर देऊन झाल्यावर मिळण्यापेक्षा उभ्यानेच मिळालेलं किती बरं!

दुसरं म्हणजे, यताई ही आपल्या वडापावच्या गाडीसारखी उभ्याउभ्या खाऊन पुढे जायची जागा नाही. जेमतेम तीन मीटर रुंदीची गाडी, आठ-दहा जणांची बसायची सोय, शेजाऱ्याचं कोपर लागणारच. काही ठिकाणी माणशी किमान एक पदार्थ घ्यावा लागतो, आणि खाणं झालं की मागच्यांसाठी उठायचं असतं. हे एकट्यालाही जमेल. पण शेजारी बसलेले काका मालकाशी काय बोलतायत, ते कळायला कुणीतरी लागतंच, आणि माझ्या मते यताईची निम्मी चव त्या गप्पांत आहे. नागाहामा भागातल्या रामेनचंच, म्हणजे सुपातल्या नूडल्सचंच, घ्या. मासळी बाजारातल्या कामगारांना वेळ नसायचा, म्हणून नूडल्स बारीक, झटकन शिजणारे. बारीक नूडल्स सुपात लवकर लिबलिबीत होतात, म्हणून वाढायचे थोडे, आणि संपले की उरलेल्या सुपात नवे घ्यायचे. तेच 'काएदामा'. हे आम्हाला बाजारात काम केलेल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं, गाईडबाईंच्या तोंडून.

या गाड्या टिकल्या कशा, तेही तिथेच कळलं. 1960 च्या दशकात शहरात 400 च्या वर यताई होत्या, आता साधारण शंभर. परवाना जोडीदार किंवा मुलांपलीकडे कुणाला देता येत नसे, त्यामुळे म्हातारा मालक थांबला की गाडीही बंद. 2013 मध्ये शहराने यताईंसाठी खास नियमावली केली आणि 2017 पासून खुल्या निवडीतून आलेले नवे मालक दिसू लागले. आणखी एक नियम कळला: समुद्रकाठचं शहर असूनही यताईवर साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, मिळत नाही. तिथे कच्चं विकायला मनाई आहे.

कमिशनची शंका मात्र रास्त आहे. जपानमध्ये पैसे घेऊन गाईडचं काम करायला पूर्वी सरकारी परवाना लागायचा. जानेवारी 2018 पासून ती अट गेली. त्यामुळे कुणीही गाईड होऊ शकतो, आणि चांगला-वाईट निवडणं आपल्यावर येतं. जेवणासकट एकच रक्कम सांगणारी टूर मी घेणार नाही. गाईडची फी तासावर आधी ठरवायची, यताईचं बिल मात्र स्वतः, पाटीवरचे दर बघून द्यायचं. आणि आधीच विचारायचं: ऐन वेळी गाडी बदलायची म्हटली तर चालेल का? इथे जो चाचरतो, त्याला नेऊ नका.

सगळ्या रात्री गाईड घ्या, असं मी लेखातही म्हटलेलं नाही. पहिली संध्याकाळ घ्या, पुढच्या तुमच्या तुम्ही फिरा. तीन-चारपेक्षा जास्त जण एकत्र जाऊ नका, आणि निघण्याआधी हॉटेलातच स्वच्छतागृहाला जाऊन या. गाडीवर ती सोय नसते.