लांबच्या राइडला जेलच हवे, हे खरे नाही

सोलापुरातल्या सायकलस्वारांच्या मोबाइलवर गेले काही महिने एक मजकूर फिरत आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: शंभर किलोमीटरच्या पुढे जायचे तर एनर्जी जेल (पुडीतून चोखायचा घट्ट गोड पाक) आणि बार यांना पर्याय नाही, गूळ, केळी, बेदाणे यांची साखर रक्तात एकदम चढते आणि एकदम उतरते, म्हणून सायकल चालवताना ती घेऊ नये, खायचे ते भूक लागल्यावरच खावे, आणि घरचे खाणे पोट बिघडवते. हा मजकूर वाचून आमच्या बरोबर येणाऱ्या एका महाविद्यालयीन मुलाने पंढरपूरला जाऊन येण्याचा बेत सोडून दिला, कारण जेलचा खर्च त्याला झेपणारा नव्हता. मला त्याचे फार वाईट वाटले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जेलच्या पुडीत असते काय? मुख्यतः माल्टोडेक्स्ट्रिन, अनेकदा त्याच्या जोडीला फ्रुक्टोज, शिवाय पाणी आणि थोडे मीठ. म्हणजे साखरेचेच प्रकार. एका पुडीतून साधारण 22 ते 25 ग्रॅम कर्बोदके मिळतात, आणि मध्यम आकाराच्या एका केळ्यातूनही जवळपास तेवढीच मिळतात. अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 14 सरावलेल्या सायकलस्वारांना 75 किलोमीटर चालवायला लावले, एकदा केळी देऊन आणि एकदा स्पोर्ट्स ड्रिंक देऊन. वेळेत लक्षणीय फरक पडला नाही. त्याच वर्षी धावपटूंवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात बेदाण्यांनी चघळण्याच्या एनर्जी गोळ्यांइतकीच साथ दिली. पंढरपूरच्या बाजारात बेदाण्यांचे सौदे होतात आणि आपल्या जिल्ह्यातल्या बागायतदारांचा माल तिथे येतो, तेव्हा आपल्याकडे तरी ही गोष्ट नव्याने पटवून द्यावी लागू नये. जेल लहान असते, दातांनी फाडून क्षणात घेता येते, आणि शर्यतीत या सोयीला मोल आहे. पण सोय वेगळी आणि गरज वेगळी.

साखर चढते-उतरते हा मुद्दा अर्धवट माहितीतून आलेला आहे. व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी भरपूर गोड खाल्ले, तर काही जणांची रक्तशर्करा सुरुवातीला खाली येते, हे खरे. मात्र एकदा पेडल मारणे सुरू झाले की इन्सुलिनचे स्रवणे दबलेले असते आणि आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनवाचूनही रक्तातील ग्लुकोज ओढून घेऊ शकतात, त्यामुळे चालवताना थोडा-थोडा घेतलेला गूळ असा झटका देत नाही. शिवाय हाच आक्षेप खरा मानला, तर तो जेललाही लागू होईल. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

भूक लागल्यावर खा, हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायू आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण 400 ते 500 ग्रॅमचा असतो आणि जोर लावून चालवल्यास दीड-दोन तासांत तो बराच रिकामा होतो. विजयपूरला जाऊन परत येताना मी एकदा असाच भुकेची वाट पाहत राहिलो. भीमेचा पूल ओलांडल्यावर हँडलवरची बोटे थरथरू लागली, घाम गार पडला, आणि समोरचा मैलाचा दगड वाचूनही आकडा डोक्यात शिरेना. रस्त्याकडेच्या टपरीवर बसून दोन कप गोड चहा आणि बिस्किटांचा पुडा संपवला, तरी नीट पेडल मारण्याजोगे होण्यास अर्धा तास गेला, कारण पोटातले अन्न पायांपर्यंत पोहोचायला वेळ लागतोच. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासापासून दर वीस-तीस मिनिटांनी दोन घास खात राहावे. दोन-अडीच तासांपर्यंतच्या राइडला ताशी 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पुरतात. त्याहून लांब आणि वेगाच्या राइडला सरावलेले स्वार 90 ग्रॅमपर्यंत जातात.

आता खर्च. पाच तासांच्या राइडसाठी 200 ग्रॅम कर्बोदके धरली, तर आठ जेल लागतील. त्याऐवजी दोन केळी, 100 ग्रॅम बेदाणे, लिंबाएवढा गुळाचा खडा आणि लिटरभर लिंबू सरबतात सपाट दहा चमचे साखर एवढे घेतले की 200 ग्रॅमचा हिशेब जुळतो, आणि एका जेलच्या किमतीच्या आसपास सगळे भागते. सरबतात चवीपुरते मीठ हवेच, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, घामावाटे मीठ जाते, आणि नुसते पाणी ढोसत राहिल्याने रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या उतरू शकते.

पोट बिघडण्याच्या मुद्द्यात काही तथ्य आहे आणि ते नाकारू नये. 2019 सालच्या एका अभ्यासात बटाट्याच्या लगद्याने जेलइतकीच कामगिरी दिली, पण पोट फुगल्याची तक्रार जास्त झाली, कारण तेवढ्याच कर्बोदकांसाठी बरेच जास्त खावे लागले. आपल्याकडच्या शेंगापोळीबद्दल मी हेच म्हणेन. ती मला फार आवडते, चार दिवस टिकते, खिशात मोडत नाही. परंतु शेंगदाण्यात जवळजवळ निम्मी चरबी असते आणि चरबीमुळे पोट सावकाश रिकामे होते, म्हणून ती सपाटीच्या निवांत टप्प्यात खावी, तुळजापूरच्या घाटाच्या तोंडाशी नव्हे. शेंगदाण्याच्या चिक्कीचेही तसेच. तिच्यापेक्षा राजगिऱ्याचा लाडू हलका, फक्त त्याचा भुगा होतो, तेव्हा तो छोट्या डब्यात ठेवावा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी थांब्यावर दह्याबरोबर खाण्याची गोष्ट आहे. धापा टाकताना कोरडा तुकडा घशात अडकतो.

कोणता पदार्थ आपल्या पोटाला मानवतो, हे मार्डीपर्यंतच्या रविवारच्या छोट्या फेरीत पाहून घ्यावे. मोठ्या राइडच्या दिवशी नवीन काही पहिल्यांदा खाऊ नये, मग ते जेल असो वा बेदाणे. त्या मुलाने गेल्या दोन रविवारी केळी आणि राजगिऱ्याचे लाडू खाऊन पाहिले आहेत. बेदाण्यांनी त्याला पोटात गुडगुडते, म्हणून पंढरपूरला जाताना तो त्यांच्याऐवजी खजूर नेणार आहे.