'अणुकरार म्हणजे मूर्खांचा बाजार' या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

कट्ट्यावरचे साहेब, एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल आधी आभार. कमेंटच्या चौकटीत उत्तर मावेना म्हणून वेगळी पोस्टच टाकतोय.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की अमेरिका-रशियाची अण्वस्त्रं मर्यादेत ठेवणाऱ्या न्यू स्टार्ट कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती, त्याच्या जागी दुसरं काहीही तयार नव्हतं आणि हे काळजी करण्यासारखं आहे. त्यावर साहेबांचं म्हणणं असं की करार-बिरार म्हणजे मूर्खांचा बाजार, युक्रेनने बॉम्ब देऊन टाकले आणि मार खाल्ला, लिबियाच्या गद्दाफीने दिले आणि तो गटारात मेला, किम जोंग उनने दिले नाहीत तर तो मजेत आहे, आपण एनपीटीवर (अण्वस्त्रांचा प्रसार रोखायच्या करारावर) सही केली नाही म्हणून आपली मान ताठ आहे, आणि माझ्यासारखे लोक 'पुण्यात बसून शांतीची कबुतरं उडवतात'. कबुतरांचं म्हणाल तर आमच्या सोसायटीने त्यांच्यासाठी जाळ्या बसवल्यात, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

युक्रेनपासून सुरू करतो कारण तुमच्या प्रतिक्रियेचा कणा तोच आहे आणि हा मुद्दा हल्ली प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. सोव्हिएत युनियन फुटलं तेव्हा युक्रेनच्या जमिनीवर लांब पल्ल्याची १७६ मिसाईल्स होती, बॉम्बर विमानं होती, आणि या सगळ्यांवरची मिळून सतराशे-अठराशेच्या घरात वॉरहेड्स (मिसाईलवर बसवायचे अणुबॉम्ब), म्हणजे आकड्याने बघितलं तर जगात तिसरा नंबर. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण ती डागायची यंत्रणा आणि कोड मॉस्कोत होते. मिसाईलं बनवायचा मोठा कारखाना युक्रेनमध्ये होता, द्निप्रोपेत्रोव्स्कला, पण वॉरहेड बनवायचा, उघडून दुरुस्त करायचा, त्यातला माल बदलायचा कारखाना रशियात. वॉरहेड म्हणजे एकदा ठेवलं की पन्नास वर्षं चालेल अशी वस्तू नाही, त्याला देखभाल लागते, ठरावीक काळाने पार्ट बदलावे लागतात, नाहीतर ते सायलोत (मिसाईलच्या भुयारी कोठीत) बसल्या बसल्या सांभाळणाऱ्यालाच धोकादायक व्हायला लागतं. युक्रेनकडे हुशार इंजिनिअर होते, वेळ आणि पैसा मिळता तर त्यांनी कोडचं कुलूप तोडलंही असतं, यावर जाणकारांत आजही वाद आहे, मी तो मिटवायला जात नाही. पण १९९३ साली तिथे महागाई वर्षाला दहा हजार टक्क्यांवर गेली होती, पगार हातात पडेपर्यंत नोटांची रद्दी होत होती. अशा वेळी अमेरिका आणि रशिया दोघांनाही अंगावर घेऊन नवीन वॉरहेड कारखाना कुठल्या पैशाने उभा करायचा होता ते तुम्ही सांगा. आणि चेर्नोबिलला जेमतेम सात वर्षं झालेली, लोकांच्या मनात अणू या शब्दाचीच धास्ती.

मग ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टला सह्या झाल्या, युक्रेन, रशिया, अमेरिका, ब्रिटन. इथे तुम्ही म्हणता की युक्रेन फसला. फसला, मान्य, पण कशात फसला ते बघा. त्या कागदात रशियाने लिहून दिलं की युक्रेनच्या सीमा मानू, बळ वापरणार नाही. आणि मोडलं तर काय? तर चर्चा करू. अण्वस्त्रांची धमकी आली तर सुरक्षा परिषदेकडे जाऊ, जिथे रशियाचाच व्हेटो. कुणी सैन्य पाठवेल असं एक वाक्य त्यात नाही, वचन मोडणाऱ्याला काही भोगावं लागेल अशी सोय नाही, कुणी जाऊन तपासायचं नाही. म्हणजे तुम्ही ज्याला अण्वस्त्र कराराचं अपयश म्हणता ते सुरक्षेच्या नुसत्या शब्दांच्या हमीचं अपयश आहे, आणि पुतिनसाहेबांनी २०१४ ला आणि मग २०२२ ला ती मोडली याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही.

याच गोष्टीतला एक तुकडा कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. वॉरहेड्स १९९६ च्या जूनपर्यंत रशियात गेली, पण विमानं आणि क्रूझ मिसाईल्स मागे राहिली होती. त्यातली आठ टीयू-१६० आणि तीन टीयू-९५ विमानं आणि पाचशेच्या वर केएच-५५ मिसाईल्स युक्रेनने १९९९-२००० मध्ये रशियाला दिली, कशाच्या बदल्यात, तर गॅसची उधारी वळती करून! आणि उरलेल्यातली काही केएच-५५ चोरट्या मार्गाने, खोट्या कागदपत्रांवर, इराण आणि चीनला विकली गेली, हे २००५ मध्ये बाहेर आलं. २०२२ च्या हिवाळ्यात रशियाने वॉरहेडच्या जागी नुसतं वजन भरून केएच-५५ युक्रेनवरच डागली आणि युक्रेनच्या गुप्तहेर खात्याचं म्हणणं आहे की त्यातली काही आपलीच दिलेली होती. वाचताना पोटात कालवतं. पण माझा मुद्दा असा की जिथे मोजदाद ढिली होती तिथूनच माल इराणला गेला.

बॉम्ब असता तर पुतिनने दहादा विचार केला असता, हे तुमचं वाक्य मी खोडणार नाही, केला असता कदाचित. पण बॉम्ब म्हणजे अभेद्य तटबंदी हेही खरं नाही. आपण मे १९९८ ला पोखरणला स्फोट केले आणि वर्षभरात कारगिल झालं. रशियाकडे पाच हजारांवर वॉरहेड्स आहेत तरी ऑगस्ट २०२४ मध्ये युक्रेनचं सैन्य कुर्स्कमध्ये घुसलंच.

गद्दाफीचं पटकन आटपतो कारण तिथे फार काही नाही. त्याच्याकडे बॉम्ब नव्हताच. पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुल कादीर खानच्या टोळीकडून विकत घेतलेले, युरेनियम समृद्ध म्हणजे तीव्र करणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्रांचे भाग होते, बरेचसे खोक्यातच. ऑक्टोबर २००३ मध्ये बीबीसी चायना नावाचं जहाज इटलीत तारांतो बंदरात वळवून तपासलं, त्यात मलेशियात बनवलेले भाग सापडले, आणि डिसेंबरात गद्दाफीने सगळं सोडलं. त्याने सोडलेल्या मालात बॉम्बचं डिझाईनही होतं, आणि ते म्हणे इस्लामाबादच्या एका टेलरच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीतून आलं होतं. दक्षिण आशियाची छाप कुठे पडेल सांगता येत नाही. किमचं मात्र तुमचं खरं आहे, त्याने गद्दाफीकडे बघून धडा घेतला, त्याचं सरकार तसं उघड बोलतंही.

आता मूळ मुद्दा, ज्यावर आपलं खरं भांडण आहे. तुम्ही धरून चालता की करार म्हणजे विश्वास, आणि शत्रूवर विश्वास ठेवणारा मूर्ख. अहो, गावाकडे दोन भावांत बांधावरून वाद असला की सरकारी मोजणी आणतात, गोडी असेल तर मोजणीचे पैसे कोण भरतं? विश्वास नाही म्हणूनच मोजणीदार बोलवायचा. अमेरिका-रशियाचं हेच चाललं होतं.

१९८७ च्या आयएनएफ करारात मध्यम पल्ल्याची २६९२ मिसाईल्स नष्ट करायची ठरली आणि १९९१ पर्यंत केलीही. पण मला त्यातलं खरं नवल वाटतं ते व्होटकिन्स्कचं. हा रशियातला मिसाईल कारखाना. त्याच्या गेटबाहेर अमेरिकन इन्स्पेक्टर राहायला आले, १९८८ पासून तेरा वर्षं, आळीपाळीने. तसेच रशियन इन्स्पेक्टर अमेरिकेत युटामधल्या मॅग्ना गावच्या कारखान्याबाहेर. काम काय, तर गेटमधून बाहेर पडणारा मिसाईल मावेल एवढा डबा किंवा ट्रक असला की थांबवायचा, मापायचा. कारण बंदी घातलेल्या एसएस-२० चा आणि परवानगी असलेल्या एसएस-२५ चा खालचा टप्पा जवळपास सारखाच दिसायचा, डब्यात नक्की कुठलं आहे यावरून १९९० मध्ये एक्सरे मशीनवरून जोरदार भांडणही झालं. कल्पना करा, कोल्ड वॉर चालू आहे आणि शत्रूचे लोक तुमच्या कारखान्याच्या दारात टेप घेऊन उभे आहेत, आणि थंडी उणे तीस. (हे काम कुणी आपल्या सरकारी खात्याला दिलं असतं तर टेप मिळायलाच दोन वर्षं लागली असती, असो.)

न्यू स्टार्टमध्येही तेच, जास्त नेटकं. प्रत्येकी १५५० तैनात वॉरहेड्सची मर्यादा, वर्षाला प्रत्येकी १८ तपासण्या, थोडक्या वेळाच्या नोटिशीवर जाऊन एखादं मिसाईल निवडायचं, त्याचं टोक उघडायला लावायचं आणि वर कापड घातलेली वॉरहेड्स मोजायची, आत काय आहे ते बघायचं नाही, फक्त किती आहेत. अशा सव्वातीनशेच्या वर तपासण्या झाल्या. मग कोविडमध्ये मार्च २०२० ला थांबल्या त्या परत सुरू झाल्याच नाहीत, २०२३ ला रशियाने सहभाग स्थगित केला. रशियाने फसवणूक केली नाही का? आयएनएफमध्ये केली असा अमेरिकेचा आरोप होता, मलाही तो खरा वाटतो, त्यावरूनच तो करार २०१९ ला मोडला. पण मोजणीदार असताना जगातली अण्वस्त्रं १९८६ च्या सत्तर हजारांवरून आज बारा हजारांच्या आसपास आलीत. त्यातली पाचशे टन रशियन वॉरहेड्समधली युरेनियम पातळ करून १९९३ ते २०१३ अमेरिकेच्या वीजकेंद्रांत जाळली गेली, त्या काळात तिथल्या दहापैकी एक दिवा त्यावर चालायचा. आणि केनेडीने १९६३ ला भीती घातली होती की सत्तरच्या दशकात पंधरा-वीस-पंचवीस देशांकडे बॉम्ब असतील, आज नऊ आहेत. हे कबुतरांनी झालं का?

'आपली मान ताठ' याबद्दल. एनपीटीवर सही केली नाही हे माझ्याही मते बरोबरच होतं, तो करार पाच जणांना कायमचा परवाना देतो. पण म्हणून आपण तपासणीपासून लांब राहिलो असं तुम्हाला वाटत असेल तर पालघर जिल्ह्यात तारापूरला जाऊन या. तिथल्या पहिल्या दोन रिअॅक्टरवर सुरुवातीपासून बाहेरची तपासणी आहे, १९७४ नंतर अमेरिकेने इंधन अडवलं, फ्रान्सकडून आणावं लागलं, तरी तपासणी चालूच. २००८ नंतर तर आपण तपासणीखालच्या रिअॅक्टरची संख्या स्वतःहून १४ वर नेली, त्या बदल्यात युरेनियम मिळायला लागलं. १९९७ ला भारताने जाहीर केलं की आपल्याकडे रासायनिक अस्त्रांचा साठा आहे आणि २००९ पर्यंत आंतरराष्ट्रीय इन्स्पेक्टरांसमोर तो सगळा संपवला. आणि पाकिस्तानशी १९८८ चा करार आहे, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, त्यासाठी १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिली, २६/११ नंतर पाच आठवड्यांनी दिली, बालाकोटनंतर दिली. यात विश्वास कुठे दिसतो तुम्हाला?

शेवटी तुम्ही विचारलंय की 'मग इराणचं काय, तिथे करारानेच घोळ केला ना'. उलट आहे. २०१५ च्या करारात इराणला ३.६७ टक्क्यांच्या वर युरेनियम समृद्ध करायला बंदी होती, साठा ३०० किलोच्या आत, कॅमेरे, सील, इन्स्पेक्टर. ट्रम्प मे २०१८ मध्ये बाहेर पडले, इराणने मग हळूहळू सगळं सोडलं, आणि जून २०२५ मध्ये इस्रायलचे हल्ले सुरू झाले तेव्हा त्यांच्याकडे ६० टक्क्यांचं ४४० किलो होतं, आणखी समृद्ध केलं तर दहाएक बॉम्बचा माल. हा आकडा आपल्याला माहीत आहे तोच मुळी इन्स्पेक्टर तिथे होते म्हणून. फोर्दो, नतांझ, इस्फहानवर अमेरिकेचे बॉम्ब पडले, इमारतींचं जे व्हायचं ते झालं, इराणने इन्स्पेक्टरांना सहकार्य थांबवलं, आणि २०२५ संपेपर्यंत त्या ४४० किलोपैकी किती ढिगाऱ्याखाली आहे आणि किती आधीच ट्रकमधून हलवलंय हे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा एजन्सी जागेवर जाऊन तपासू शकली नव्हती. करार नको असेल तर ते ४४० किलो शोधायचा तुमच्याकडे दुसरा काय उपाय आहे ते जरूर लिहा, आणि या वेळी 'इस्रायल बघून घेईल' एवढंच नको, जरा तपशिलात.