खुलासा: गॅसवरच्या फ्रिजलाही बॅटरी लागते

‘कॅम्परचा फ्रिज गॅसवर टाकला की बॅटरी लागत नाही, काढून ठेवा’ असा मेसेज सध्या ठाणे-नवी मुंबईतल्या कॅम्परवाल्यांत (म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर बाळगणाऱ्यांत) फिरतोय. तो अर्धवट खरा आहे. पिझो बटण (दाबलं की ठिणगी पडते ते) दाबून हाताने पेटवायच्या जुन्या फ्रिजला बॅटरी लागत नाही. ऑटो इग्निशनच्या, म्हणजे आपोआप पेटणाऱ्या फ्रिजमध्ये मात्र कंट्रोल बोर्ड, स्पार्क आणि गॅसचा व्हॉल्व्ह 12 व्होल्टवर चालतात. करंट एका अँपिअरहूनही कमी, पण व्होल्टेज फार उतरलं की व्हॉल्व्ह बंद, ज्योत गुल आणि सकाळी दूध नासलेलं.

सिलिंडर बदलल्यावर पाइपात हवा असते. तीन-चारदा पेटवावं लागतं. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बर्नरच्या नळीत काजळी, गंज किंवा कोळ्याचं जाळं असतं. पावसाळाभर उभ्या ट्रेलरमध्ये हे हमखास होतं. गॅस बंद करून, नळी गार झाल्यावर ब्रशने साफ करा.

ट्रेलर सपाट उभा करा. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, अमोनियाचं द्रावण स्वतःच्या वजनाने खाली येतं. उतारावर ते अडकतं आणि कूलिंग युनिट कायमचं जाऊ शकतं. फ्रिजच्या मागे ट्रेलरला बाहेरून असलेल्या हवेच्या जाळ्या कधीही झाकू नका. पेट्रोल पंपावर शिरण्याआधी गॅस बंद, यात अपवाद नाही.